प्रेसचा ठोका कितव्या अंशावर पडतो?

रात्रपाळीचा ऑपरेटर सकाळी हातमोजे काढता काढता म्हणाला, “साहेब, आवाज बदललाय. जरा बघा.” शंभर टनी सी-फ्रेम पॉवर प्रेस, म्हणजे इंग्रजी C सारख्या सांगाड्याचं पत्रा कापणारं मशीन, मिनिटाला ६० स्ट्रोक. मी पाच मिनिटं उभा राहून ऐकलं. नेहमीच्या ‘धाड’नंतर दर स्ट्रोकला एक जादा ‘ठक्’ पडत होता, आणि तो वरून, कनेक्टिंग रॉडच्या बाजूने येतोय अशी माझी खात्री झाली. बुश, म्हणजे रॉडच्या टोकातली धातूची बाही, गेला, असं मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. दोन दिवस मशीन उघडं पडलं, नवा बुश बसला, तिसऱ्या दिवशी प्रेस चालू केला. ठक् जागच्या जागी. शेवटी सापडलं ते काय, तर नॉकआउट बारच्या, म्हणजे वरच्या साच्यात अडकलेला तुकडा पाडणाऱ्या दांड्याच्या, उजव्या स्टॉपरचा चेकनट (स्टॉपर जागी आवळून धरणारा नट) सैल. स्टॉपर थरथरीने फिरत फिरत खाली उतरला होता आणि बार वर जाताना त्या बाजूला आधी आपटत होता. चोवीसचा पाना आणि पाच मिनिटं.

तो जुना बुश माझ्या टेबलावर आहे, त्यात मी पेनं ठेवतो. अजून बरेच दिवस सहज चालला असता.

त्या फजितीनंतर मी ‘आवाज कुठून येतो’ हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर टाकला. पहिला प्रश्न, आवाज कधी येतो? प्रेसचा सांगाडा म्हणजे एक भलीमोठी घंटा. एका कोपऱ्यात वाजवा, दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू येतं. त्यात समोर गार्ड, बाजूला पॅनल, मागे भिंत. जागेच्या बाबतीत कान हमखास फसतो, वेळेच्या बाबतीत सहसा नाही. क्रँक, म्हणजे रॅमला वर-खाली करणारा वाकडा दांडा, एका फेरीत ३६० अंश फिरतो. रॅम (पंच धरून वर-खाली होणारा ठोकळा) सगळ्यात वर असताना ०, सगळ्यात खाली १८०. प्रत्येक भागाचा ठोका आपापल्या अंशावर पडतो आणि तो अंश कळला की संशयितांची यादी दोन-तीन नावांवर येते.

उदाहरण घ्या. स्ट्रोक १०० मिलिमीटर, पत्रा ३ मिलिमीटर जाड, पंच डायमध्ये १ मिलिमीटर शिरेल असं सेटिंग. (पंच म्हणजे वरचं कापणारं हत्यार, डाय म्हणजे त्याच्याखालचा साचा; पूर्ण जोडीलाही डायच म्हणतात.) कनेक्टिंग रॉडचा तिरकेपणा सोडून दिला तर पंच पत्र्याला टेकतो साधारण १५७ अंशांना आणि पत्रा तुटतो १६० च्या आसपास. १८० नंतर पंच बाहेर निघायला लागला की स्ट्रिपर (पंचाला चिकटलेला पत्रा सोडवणारी प्लेट) बोलतो. नॉकआउट बार स्टॉपरवर बसतो तो बराच वर गेल्यावर, स्टॉपर कुठे लावलेत त्यावर, पण बहुतेक वेळा ३०० च्या आगेमागे. फीडर पत्र्याची पट्टी ढकलतो ती रॅम वरच्या अर्ध्यात असताना. आणि जो आवाज अंशच पाळत नाही, सतत चालू राहतो किंवा स्ट्रोकशी जुळतच नाही, तो मोटर, पट्टे, फ्लायव्हील (जड फिरतं चाक) नाहीतर दाबलेल्या हवेचा.

अंश मोजायचा कसा

प्रेसवर अंशांची तबकडी किंवा डिजिटल इंडिकेटर असतो, पण साठ स्ट्रोकला त्याच्याकडे बघून ठोक्याचा अंश पकडणं माणसाच्या डोळ्याला जमत नाही. मी फोन वापरतो. प्रेस सलग चालू असताना वीस सेकंद रेकॉर्डिंग करायचं आणि आवाजाची लाट दाखवणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये उघडायचं. मिनिटाला ६० स्ट्रोक म्हणजे एका सेकंदाला एक फेरी, एका सेकंदाला ३६० अंश. हिशोब सोपा आहे. मिनिटाचे स्ट्रोक गुणिले ६, म्हणजे सेकंदाला किती अंश. ४० स्ट्रोक असतील तर २४० अंश.

लाटेत सगळ्यात उंच शेंडा असतो तो पत्रा तुटल्याचा. त्याचा अंश आपल्याला सेटिंगवरून माहीत आहे, समजा १६०. तिथून पुढच्या अनोळखी शेंड्यापर्यंत किती वेळ गेला ते मोजा. माझ्या त्या ‘ठक्’चं रेकॉर्डिंग मी नंतर, चेकनट मुद्दाम सैल करून पुन्हा केलं. अंतर आलं ०.४२ सेकंद. ०.४२ गुणिले ३६० म्हणजे १५१. त्यात १६० मिळवले की ३११. रॅम जवळजवळ वर पोचलेला, पत्र्याचा भार केव्हाच उतरलेला. बुशचा ढिलेपणा बोलतो तो भार एका बाजूचा दुसऱ्या बाजूला पलटतो तेव्हा. ३११ ला वाजण्यासारखं त्या मशीनवर एकच होतं, नॉकआउट. हे गणित आधी केलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

एक खबरदारी. हे फक्त सलग स्ट्रोकला चालतं. सिंगल स्ट्रोकमध्ये क्लच लागताना आणि ब्रेक बसताना क्रँकचा वेग बदलतो, तिथे सेकंदाचं अंशात रूपांतर करायला गेलात तर उत्तर चुकेल.

पाच वेळा ऐका

अंश कळण्याआधी किंवा कळल्यानंतर, कधीही करा, पण हे करा. एकच प्रेस पाच अवस्थांमध्ये ऐकायचा, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी, ऑपरेटरच्या कानाच्या उंचीवर, साउंड लेव्हल मीटर धरून आकडा लिहायचा. चांगला मीटर नसेल तर तोच फोन त्याच जागी धरून तुलना तरी होते. खरा आकडा म्हणून फोनवर विसंबू नका, धाडधाड आवाजात त्याचा माइक गुदमरतो.

पहिल्यांदा मोटर बंद, फक्त हवा चालू. पाळी संपल्यावर, शेड शांत असताना. जो फस्स आवाज येतो तो गळतीचा. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन जॉइंट फिरायचे. सोपं काम आहे म्हणून कोणी करत नाही.

दुसऱ्यांदा मोटर आणि फ्लायव्हील चालू, रॅम उभा. किंचाळी असेल तर पट्टे ढिले किंवा पुलीच्या खाचा झिजलेल्या. पट्टे बदलायचे तर सगळा संच, एकटादुकटा नाही, कारण नवा पट्टा एकटाच सगळा भार घेतो. घरघर असेल तर मोटर बंद करा आणि फ्लायव्हील आपोआप थांबेपर्यंत ऐकत राहा. मोटरचा पंखा आणि विजेची गुणगुण बटण दाबताक्षणी बदलते. घरघर मात्र चाकाबरोबर मंद होत होत शेवटपर्यंत राहिली, तर फ्लायव्हीलचं बेअरिंग तुम्हाला निरोप पाठवतंय.

तिसऱ्यांदा रॅम चालू, डाय काढलेली. चौथ्यांदा डाय लावलेली, पट्टी नाही. ही चौथी पायरी डाय-सेटरला विचारूनच. काही डायमध्ये रिकामा स्ट्रोक मारला की पायलट (पट्टी जागेवर आणणारी पिन) किंवा स्प्रिंगचं नुकसान होतं. पाचव्यांदा पूर्ण उत्पादन, ब्लो-ऑफची, म्हणजे तयार जॉब उडवणारी, हवा चालू आणि बंद, दोन्ही.

हे पाच आकडे समोर आले की वाद मिटतात. मात्र डेसिबलची बेरीज घरच्या हिशोबासारखी नाही, हे लक्षात ठेवा. ९० आणि ९० मिळून ९३ होतात. ९४ मध्ये ८४ मिळवले तर ९४.४, म्हणजे काहीच नाही. म्हणून लहान आवाज बंद करून मोठ्या आवाजाला फरक पडत नाही. आमच्याकडे एका मशीनवर तोडीचा आवाज ९६ आणि हवेचा ९६, दोन्ही मिळून ९९ होते. हवा बंद केली, ९६ आले, आणि सुपरवायझर म्हणाले, “काय फरक पडला?” कानाला ३ डेसिबल थोडेच वाटतात. पण कानात शिरणारी ऊर्जा निम्मी झाली होती. आठ तासांना ८५ डेसिबल ही जी मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरतात, तिच्या हिशोबात दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. माझ्या डाव्या कानात रात्री रातकिडा वाजतो. तो मी तरुणपणी, कापसाचे बोळे पुरतात असं समजून, मिळवलाय. तेव्हा ऐकण्याचं काम करतानाही इअरमफ लावूनच करा. मफ लावून ठोके उलट जास्त वेगळे कळतात, चकचकीत वरचा आवाज गाळला जातो.

आणि हात घालण्याआधी मोटर बंद, कुलूप, टॅग, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, हवा सोडलेली, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हीलमध्ये स्ट्रोक मारण्याइतकी ताकद शिल्लक असते.

१६० चा धाड

बहुतेक ब्लँकिंग (पत्र्यातून तुकडा कापून काढणं) आणि पंचिंगच्या (भोक पाडण्याच्या) मशीनवर सगळ्यात मोठा आवाज हाच. पंच पत्र्यावर आदळतो म्हणून आवाज होतो असं सगळ्यांना वाटतं. आदळण्याचा आवाज असतो, पण खरा धमाका पत्रा तुटतो तेव्हाचा.

समजा तोडीची एकूण लांबी ४०० मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, पत्र्याची कातर-ताकद दर चौरस मिलिमीटरला ३५० न्यूटन. तिन्हींचा गुणाकार ४,२०,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४३ टन. हा भार चढत असताना सी-फ्रेम तोंड उघडतो, धनुष्य ताणल्यासारखा. डोळ्याला दिसत नाही, डायल गेजला दिसतं. अर्धा मिलिमीटर जरी उघडला असं धरलं तरी त्यात १०५ ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे दहा किलोचं वजन एक मीटरवरून सोडावं तेवढी. मग पंच जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत शिरतो, उरलेला पत्रा एकदम फाटतो आणि ही सगळी ऊर्जा काही मिलिसेकंदांत मोकळी होते. प्रत्यंचा सुटली. सांगाडा उलट्या दिशेला झेपावतो, रॅमला खाली खेचतो, आणि रॉड, बुश, स्क्रू यांच्यातली सगळी फट एका झटक्यात दुसऱ्या बाजूला जाते. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात ते इथे अक्षरशः खरं आहे. एक हात तोडीचा झटका, दुसरा हात मशीनचा ढिलेपणा. या उलट्या भाराला साधे मेकॅनिकल प्रेस फार कमी सोसतात, साधारण क्षमतेच्या दहा टक्के. शंभर टनी प्रेसवर चाळीस टनांची तोड आहे, म्हणजे खूप मोकळीक आहे असं वाटतं. उलट्या झटक्याच्या हिशोबात ती मोकळीक नसते.

मग करायचं काय? सगळ्यात आधी धार बघा. धार गेलेला पंच कापत नाही, ढकलतो. भार वाढतो आणि तुटताना झटका मोठा. कानाला हे ‘टप्’चं ‘धाड’ होणं म्हणून कळतं, आणि हाताला बर (कापलेल्या कडेला उरलेली धारदार किनार) म्हणून. जॉबच्या कडेवर नख फिरवा, अडकलं तर डाय खाली काढायची वेळ झाली. दुसरी गोष्ट क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट. मऊ पोलादाला एका बाजूला जाडीच्या ५ ते १० टक्के धरतात. फारच घट्ट असेल तर दोन फाटी एकमेकांना भेटत नाहीत, दुसऱ्यांदा कापलं जातं आणि पंच ओढून काढायलाही जोर लागतो, त्यामुळे वर जाताना स्ट्रिपरही ओरडतो. १९० ते २०५ अंशांत किंचाळी असेल तर आधी इथे बघा.

तिसरी गोष्ट पायऱ्यांची, आणि इथे मी बऱ्याच हुशार टूल-मेकरांना घसरताना पाहिलंय. बारा पंच एकाच उंचीचे असतील तर बाराही एकदम तुटतात. म्हणून त्यांना तीन गटांत कमी-जास्त उंचीचे ग्राइंड करायचे. किती फरक ठेवायचा? बरेच जण पूर्ण जाडीचा ठेवतात, ३ मिलिमीटरच्या पत्र्याला ३ मिलिमीटर. त्याने टनेज कमी होतं, खरं आहे. पण पहिला गट पूर्ण तुटून भार शून्यावर आल्यावर दुसरा गट टेकतो, म्हणजे एका मोठ्या धमाक्याऐवजी तीन लहान धमाके. पायरी ठेवायची ती पंच तुटेपर्यंत जितका शिरतो त्याच्यापेक्षा किंचित कमी, या उदाहरणात साधारण १ मिलिमीटर. पहिला गट तुटायच्या बेतात असतानाच दुसऱ्याने पत्र्यात दात रोवलेले असतात. सुटणारी प्रत्यंचा त्याच्या हातात पडते आणि झटका मधेच झेलला जातो. मोठे पंच आधी टेकू द्या, बारीक शेवटी, नाहीतर मोठ्यांच्या धक्क्याने सरकणारा पत्रा बारकांना वाकवतो. आणि गट समोरासमोरचे जोडा, नाहीतर रॅम तिरका होऊन जिब (रॅमला सरळ चालवणाऱ्या बाजूच्या पट्ट्या) घासायला लागतील.

एकच मोठा पंच असेल तर त्याला शीअर द्या, म्हणजे तोंड उतरतं ग्राइंड करा, कात्रीसारखं. भोक पाडायचं असेल तर उतार पंचाला, म्हणजे वाकडी होते ती फेकून द्यायची टिकली. ब्लँक हवा असेल तर उतार डायला. उलटं केलंत तर आवाज कमी होईल आणि जॉब केळ्यासारखा येईल.

पायऱ्या आणि शीअर, दोन्हीत पंच पत्र्याला आधी, म्हणजे वरच्या उंचीवर टेकतो. प्रेसचं लिहिलेलं टनेज मिळतं ते तळाच्या अगदी जवळ, शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये; वर ते घटत जातं. टनेजचा आलेख बघितल्याशिवाय पायऱ्या वाढवू नका.

आणि फुकटचा उपाय. पंच डायमध्ये गरजेपेक्षा खोल शिरतोय का बघा. खोल सेटिंग म्हणजे पंच पत्र्याला टेकतो तेव्हा रॅमचा वेग जास्त. शट हाइट (रॅम तळाला असताना त्याच्याखाली उरणारी उंची) हवी तेवढीच ठेवली की पंच कमी वेगाने टेकतो. सर्वो प्रेसमध्ये नेमकं हेच करतात, तोडीच्या जागी रॅम हळू करतात आणि आधी-नंतर वेळ भरून काढतात. तसा प्रेस असेल तर प्रोग्रॅममध्ये हात घाला, डायला नंतर.

ज्याचं त्याला कळू द्या: बॅलन्स, बुश, जिब

डाय काढून रिकामा रॅम चालवतानाही ठोका राहिला तर तो मशीनचा. इथे लगेच पाने काढू नका, आधी काउंटरबॅलन्स सिलिंडरची हवा बघा. या सिलिंडरचं काम रॅमचं आणि वरच्या डायचं वजन उचलून धरायचं, म्हणजे सगळी फट एकाच बाजूला दाबलेली राहते. हवा कमी पडली की रॅम स्वतःच्या वजनाने लोंबकळतो, खाली जाताना क्रँकच्या पुढे पळायला बघतो, आणि गिअरचे दातही एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला खडखडतात. मशीनवर वरच्या डायच्या वजनाप्रमाणे किती दाब ठेवायचा याचा तक्ता चिकटवलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो ग्रीसने माखलेला असतो आणि रेग्युलेटर कोणीतरी एकदा सेट केलेला असतो, कायमचा. जड डाय लावली, दाब तोच. मी पहिलं काम तक्ता पुसून काढायचं करतो.

दाब तक्त्याप्रमाणे केला आणि ठोका गेला, तर ते ठीक झालं असं समजू नका. फट आहेच, ती दाबून धरली गेलीये. ती मोजा. रॅम तळाला, मशीनला कुलूप, काउंटरबॅलन्सची हवा सोडलेली. रॅमखाली हायड्रॉलिक जॅक, बाजूला मॅग्नेटिक बेसवर डायल. रॅम हळूच उचला, सुई फिरायची थांबली की वाचा. क्रँकपासून बॉल-स्क्रूपर्यंतची (रॉड रॅमला जोडणाऱ्या स्क्रूपर्यंतची) सगळी फट एका आकड्यात मिळते. मॅन्युअलशी ताडून बघा, आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. पुढच्या वेळचा आकडा या आकड्याशेजारी ठेवला की बुश कधी बदलायचा ते अंदाजाने ठरवावं लागत नाही.

त्याआधी तेल पोचतंय का बघा. वंगणाची एक नळी चोंदली की बुश कोरडा पडतो, आधी किरकिर, मग करकर, आणि त्यानंतर जॅक लावायची गरज उरत नाही.

दोन खांबांच्या प्रेसवर टाय-रॉड, म्हणजे सांगाडा आवळून धरणारे लांब दांडे, बघा. क्राउन (प्रेसचा वरचा भाग) आणि खांब जिथे टेकतात तिथल्या सांध्यावर थोडं तेल लावा आणि लांब उभं राहून भार घेताना बघा. तेल दर स्ट्रोकला आत ओढलं जाऊन बुडबुडे बाहेर येत असतील, तर सांधा श्वास घेतोय, टाय-रॉड सैल आहे. हे ज्यांच्याकडून शिकलो ते मिस्त्री तेलाला बोटही लावत नसत, बॅटरीचा झोत तिरका टाकून चमक हलते का बघत.

गिअरची शिट्टी असेल तर दातांची संख्या गुणिले मिनिटाच्या फेऱ्या भागिले ६०. वीस दातांचा पिनियन (लहान गिअर) ३०० फेऱ्यांनी फिरत असेल तर १०० हर्ट्झ. फोनच्या अ‍ॅपमध्ये तिथे शेंडा दिसला तर पहिला संशय गिअरवर. आणि एकसारख्या घरघरीत मोठ्या गिअरच्या दर फेरीला एकच ठोका पडत असेल, तर एखादा दात तुटलाय किंवा दातांत काहीतरी अडकलंय. तो प्रेस तेव्हाच थांबवा.

जिबची फट फीलर गेजने चारही कोपऱ्यांत मोजा, एका कोपऱ्यात मोजून घरी जाऊ नका. आणि डायखाली, बोल्स्टरखाली (डाय ज्यावर बसते त्या जाड प्लेटखाली) एखादी टिकली किंवा बर अडकलेली नाही ना, हेही बघा. धाडला फुटक्या माठासारखा आवाज येत असेल तर माझा पहिला संशय तोच.

हवा

तोडीनंतर सगळ्यात मोठा गुन्हेगार हवा, आणि सर्वांत सोपा पकडला जाणारा. जॉब उडवायला चेपलेली तांब्याची नळी लावलेली असते, दाब पूर्ण, आणि ती सतत चालू. जॉब उडायला लागतो एक दशांश सेकंद. फुंकरीचा आवाज हवेच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग निम्मा केला तर कागदावर २४ डेसिबल कमी. प्रत्यक्षात एवढे पदरात पडत नाहीत, पण दिशा कळली असेल. दाब जॉब जेमतेम उडेल इतका खाली आणा. नळी जॉबच्या जवळ न्या, म्हणजे कमी हवेत काम होईल. एका मोठ्या भोकाऐवजी अनेक बारीक भोकांचा नोझल लावा. फुंकर धारदार कडेवर आपटत असेल तर कोन बदला, तिथे ती शीळ घालते. आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा) रोटरी कॅमवर (क्रँकबरोबर फिरणाऱ्या स्विचवर) घेऊन फुंकर फक्त हव्या त्या अंशांतच सोडा.

क्लच-ब्रेकच्या एक्झॉस्टचा ‘फस्स’ वेगळा. त्याला सायलेन्सर असतो, आणि तो तेलाच्या धुक्याने चोंदतो. एकदा एका नव्या पोराने आवाजाचा त्रास होतो म्हणून सायलेन्सर काढून भोकात चिंधी कोंबली. आवाज गेला. संध्याकाळी डाय-सेटरने पेडल सोडलं आणि रॅम नेहमीच्या जागी थांबण्याऐवजी वरच्या टोकाच्या बराच पुढे जाऊन थांबला. क्लचमधली हवा लवकर बाहेर पडलीच नाही, क्लच उशिरा सुटला, ब्रेक उशिरा बसला. त्या वेळी कोणाचा हात आत नव्हता एवढंच. तेव्हा या सायलेन्सरला मशीन बनवणाऱ्याने सांगितलेला भागच लावा, तो ठरलेल्या वेळी साफ करा, आणि बदलल्यावर थांबण्याचा वेळ मोजून मगच मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्या.

बाकीचं भराभर

जॉब पत्र्याच्या पन्हाळीतून घरंगळत पत्र्याच्या पेटीत पडत असेल तर ती पन्हाळ ढोल आहे. आत रबर चिकटवा, किंवा मधे डॅम्पिंगचा थर असलेला दुहेरी पत्रा वापरा, आणि पेटी वर उचला. पडण्याची उंची निम्मी केली की आदळण्याची ऊर्जा निम्मी. नॉकआउट आणि स्ट्रिपर जिथे धातूवर धातू आपटतात तिथे युरेथेनची चकती. गार्ड आणि पॅनल खडखडत असतील तर मशीन बंद करून फटीत लाकडाची पाचर मारा, पुन्हा चालवा; आवाज गेला तर तिथे कायमचा बोल्ट आणि रबर, आणि पाचर आठवणीने काढा. कॉइलची पट्टी फीडरच्या आधी टेबलावर फडफडत असेल तर रोलर किंवा नायलॉनचा आधार द्या.

पायाखाली रबरी माउंट बसवले की आवाज जाईल, ही समजूत मात्र सोडा. माउंट जमिनीतून जाणारी थरथर अडवतात, शेजारच्या ग्राइंडिंग मशीनवाल्याचा दुवा मिळतो, पण ऑपरेटरच्या कानाला फार फरक पडत नाही. पूर्ण पेटीबंद आवरण करायचं ठरलं तर फटी मोजा. आवरणाच्या एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलच्या वर कपात मिळत नाही. पट्टी आत जाण्याची आणि स्क्रॅप बाहेर येण्याची खिडकी धरून हा हिशोब करा, आणि आवरण केल्यावर आतला चेकनट सैल राहिला तर तो आता कोणाला ऐकूच येणार नाही, हेही.

आमच्या प्रत्येक प्रेसला आता दोरीने बांधलेली एक वही आहे. तारीख, डाय नंबर, कितवा अंश, आवाज कसा, काय सापडलं. ‘कसा’च्या रकान्यात लोक जे लिहितात ते मी सुधारत नाही, ‘म्हशीने शिंग घासल्यासारखा’ असंही एकदा आलं होतं, आणि तो खरंच कोरडा जिब होता. रात्रपाळीचा तोच ऑपरेटर गेल्या आठवड्यात लिहून गेला, “१६० चा आवाज जाड झालाय, जॉबला उजवीकडे बर. पंच ४ बघा.” डाय खाली घेतली. चार नंबरच्या पंचाचा कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा उडाला होता.